पोर्ट्रेटमधले मॉडेलचे निर्णय कोणाच्या नावावर?

पोर्ट्रेटखाली एकच नाव छापायची पद्धत आहे, ते फोटोग्राफरचं. मॉडेल प्रसिद्ध असेल तर तिचं नाव शीर्षकात येतं, नसेल तर तेही येत नाही. शीर्षकातल्या नावावरून फोटोत कोण आहे ते कळतं, फोटो कोणी घडवला ते कळत नाही. माझं मत असं आहे की बऱ्याच पोर्ट्रेटमध्ये या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातही मॉडेलचं नाव यायला हवं. सगळ्याच नाही. आणि कोणत्या पोर्ट्रेटमध्ये यायला हवं हे ठरवायला मनाचा मोठेपणा लागत नाही, निर्णयांची यादी करावी लागते.

एका पोर्ट्रेटमध्ये साधारण एवढ्या गोष्टी कोणीतरी ठरवलेल्या असतात: जागा, पार्श्वभूमी, कपडे, केस आणि मेकअप, प्रकाशाची दिशा आणि जात, लेन्स, अंतर, कॅमेऱ्याची उंची, शरीराची ठेवण, हात, नजर, चेहऱ्यावरचा भाव, शटर दाबायचा क्षण, शंभर फ्रेममधून निवडलेली एक फ्रेम, क्रॉप (कडा कापणं), रिटचिंग (फोटोवरची नंतरची दुरुस्ती) आणि फोटो कुठे दाखवायचा. प्रत्येकापुढे विचारायचं, हे कोणी ठरवलं? चेहरा या यादीत नाही. चेहरा असणं हा काही निर्णय नाही, त्यामुळे नुसतं फोटोत असल्याने कोणी फोटोचा कर्ता होत नाही. त्या चेहऱ्याचं काय करायचं हे ज्याने ठरवलं, तो होतो.

कायद्याने हा प्रश्न फार लवकर हाताळला. जानेवारी १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या नेपोलियन सॅरोनीच्या स्टुडिओत ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले गेले. त्यातल्या १८ क्रमांकाच्या फोटोच्या ८५,००० प्रती एका लिथोग्राफ कंपनीने परवानगीशिवाय छापल्या. कंपनीचा बचाव असा होता की कॅमेरा यंत्र आहे, यंत्राने केलेल्या नकलेला लेखक, म्हणजे कायद्याच्या भाषेत कर्ता, नसतो. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. सॅरोनी लेखक ठरला, कारण त्याने वाइल्डला कॅमेऱ्यासमोर बसवलं, पोशाख आणि पडदे निवडून मांडले, प्रकाश-सावली जुळवली आणि हवा तो भाव सुचवून चेहऱ्यावर आणला.

ही कारणं नीट वाचा. बटण दाबलं म्हणून सॅरोनी लेखक ठरला असं न्यायालय म्हणत नाही. त्याच्या स्टुडिओत कॅमेरा चालवायचं काम त्याचा सहायक करत असे. सगळा भर निर्णयांवर आहे, आणि तो योग्यच आहे. अडचण पुढे आहे. मखमली जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि रेशमी मोजे या वेशात वाइल्ड व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाला होता; हे रूप त्याने स्वतः घडवलेलं होतं आणि तेच त्या दौऱ्याचं आकर्षण होतं. स्वतःच्या शरीराची ठेवण हा तर त्याच्या हातखंड्याचा विषय. म्हणजे ज्या कारणांवरून सॅरोनीला लेखक ठरवलं, त्यातली निदान दोन-तीन वाइल्डच्या खात्यात जायला हवी होती. पण वाइल्ड त्या खटल्यात पक्षकार नव्हता, त्यामुळे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आजवर पोर्ट्रेटच्या श्रेयाची विभागणी बहुतेक वेळा अशीच होते. विचारायला कोणी नसतं, म्हणून सगळं एकाच नावावर जमा होतं.

मॉडेल नेमकं करते काय

चांगली मॉडेल करते ते काम बाहेरून दिसत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही. त्यात किती तांत्रिक भाग आहे ते उदाहरणांनीच सांगावं लागेल.

फोकसपासून सुरुवात करू. फुल-फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८ (लेन्सचं तोंड बरंच उघडं; आकडा जितका मोठा तितकं ते बंद), मॉडेल दीड मीटरवर. अशा मांडणीत फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या पट्ट्यात गोष्टी स्पष्ट दिसतात तेवढं अंतर, सुमारे साडेतीन सेंटीमीटर असते. चेहरा पंचेचाळीस अंशांत वळवला तर जवळचा आणि लांबचा डोळा यांच्यात खोलीचा फरक चार सेंटीमीटरच्या वर जातो आणि लांबचा डोळा मऊ पडतो. कॅमेऱ्याचा आय-एएफ, म्हणजे डोळा शोधून आपोआप फोकस करणारी सोय, जवळचा डोळा पकडून ठेवेल, दुसऱ्याचं तो काही करू शकत नाही. अ‍ॅपर्चर माहीत असलेली मॉडेल चेहरा वीस-पंचवीस अंशांवर थांबवते आणि बाकीचं वळण खांद्यांतून घेते. लांबचा डोळाही फोकसच्या जवळ राहतो आणि शरीर सपाट समोर आल्यासारखंही दिसत नाही. एफ ८ वर हीच खोली जवळपास पंधरा सेंटीमीटर होते, तेव्हा मोकळेपणाने हलता येतं. म्हणून अनुभवी मॉडेल शूट सुरू होताना दोन प्रश्न विचारते: अ‍ॅपर्चर किती आहे, आणि फ्रेम कुठे कापली जातेय? दुसऱ्याचं उत्तर कमरेपर्यंत असेल तर पायांवर खर्च होणारं लक्ष हातांकडे वळवता येतं.

नंतर अंतर. नाकाचं टोक आणि कान यांच्यात बारा सेंटीमीटर धरले, तर कॅमेरा नाकापासून साठ सेंटीमीटरवर असताना नाक कानाच्या तुलनेत वीस टक्के मोठं दिसतं, दोन मीटरवर फक्त सहा टक्के. हे लेन्सवर अवलंबून नसतं, अंतरावर असतं. हाताचंही तेच. मॉडेल दीड मीटरवर उभी असेल आणि तिने हात अर्धा मीटर पुढे केला, तर तो हात चेहऱ्याच्या मानाने दीडपट मोठा दिसतो. चार मीटरवरून तोच हात चौदा टक्केच मोठा. जवळ, वाइड लेन्सवर शूट चाललं असेल तर जाणकार मॉडेल हात चेहऱ्याच्या पातळीत आणते, किंवा मुद्दाम पुढे करून त्याचा आकार वापरते. दोन्ही रचनेचे निर्णय आहेत, आणि त्या क्षणी ते घेऊ शकणारी ती एकटीच असते.

प्रकाशाबद्दल लोक धरून चालतात की ते पूर्ण फोटोग्राफरचं खातं आहे. सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी पेटी) कुठे ठेवायचा, ते हो. पण सॉफ्टबॉक्स एक मीटरवर असताना मॉडेल वीस सेंटीमीटर त्याच्याकडे झुकली, तर चेहऱ्यावरचा प्रकाश अर्ध्याहून थोडा जास्त स्टॉपने वाढतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) आणि हायलाइट उडू शकतात, म्हणजे उजळ भाग नुसते पांढरे होतात. नाक प्रकाशाच्या दिशेने दहा अंश जास्त वळवलं की गालावरची सावली बदलते, कधी नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि डोळ्याखाली प्रकाशाचा त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण ठेवायचा की मोडायचा हे मॉडेलच्या मानेवर ठरतं. प्रकाश सापडत नसेल तर करायची गोष्ट सोपी आहे. डोळे मिटून चेहरा हळूहळू फिरवायचा आणि पापण्यांमधून सर्वांत जास्त उजेड जाणवेल तिथे थांबायचं. सततच्या प्रकाशात हे थेट जमतं. फ्लॅश असेल तर मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) चालू ठेवायला सांगायचं. तिथून किती बाजूला जायचं हे मग जाणीवपूर्वक ठरवता येतं.

चेहरा आणि मान. हनुवटी दोन-तीन सेंटीमीटर पुढे आणि किंचित खाली. करताना विचित्र वाटतं, बाजूने बघणाऱ्याला विचित्र दिसतंही, पण समोरून जबड्याची रेषा गळ्यापासून सुटी होते. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे हनुवटी फक्त खाली जाते, पुढे जात नाही, आणि नको होती ती दुहेरी हनुवटी तयार होते. पाऊण वळणात नाकाचं टोक लांबच्या गालाच्या कडेला नुसतं टेकता कामा नये. एक तर कडेला थोडा गाल दिसू द्यायचा, नाही तर पूर्ण प्रोफाइलमध्ये जायचं. नजर नाकाच्या दिशेपेक्षा फार पुढे गेली की डोळ्यात पांढरा भाग उरतो आणि चेहरा घाबरलेला किंवा संशयी दिसतो. तसा दिसायला हवा असेल तर तो उपाय, नको असेल तर दोष.

हाताची करंगळीकडची कड कॅमेऱ्याकडे केली तर हात निमुळता दिसतो, मागची बाजू दाखवली तर रुंद. हात गालाला लावायचा असेल तर टेकवायचा नाही, नुसता स्पर्श ठेवायचा. वजन दिलं की गाल वर सरकतो आणि डोळा लहान होतो. उभं असताना वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. उलट केलं तर कंबर कॅमेऱ्याकडे ढकलली जाते आणि मान आखडते.

धरून ठेवलेलं हसू दोन-तीन सेकंदांत मरतं, कारण ओठ जागेवर राहतात आणि डोळ्यांभोवतीचा स्नायू आधी सुटतो. म्हणून ते धरून ठेवायचं नसतं. प्रत्येक फ्रेमसाठी पुन्हा आणायचं. डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, ठरलेल्या आकड्यावर डोळे उघडायचे. पूर्ण ताकदीवर चालवलेल्या बऱ्याच स्टुडिओ फ्लॅशना पुन्हा चार्ज व्हायला एक ते दोन सेकंद लागतात. मॉडेलला ही लय कळली की ती त्यात बसते आणि दर फ्रेमला एकच गोष्ट बदलते: आधी हनुवटी, मग नजर, मग बोटं. तिन्ही एकदम बदलली तर चांगली फ्रेम कशामुळे चांगली झाली हे दोघांनाही सांगता येत नाही आणि तिथे परत जाता येत नाही. दर फ्रेमला एक बदल ही शिस्त ज्या मॉडेलकडे असते, तिच्या शूटची कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम क्रमाने दाखवणारं पान) वाचता येते. एका कल्पनेपासून दुसरीपर्यंतचा रस्ता तिथे स्पष्ट दिसतो, आणि तो रस्ता तिने काढलेला असतो.

सूचना आणि निर्णय यांची सीमा

आता अवघड भाग. फोटोग्राफर म्हणाला, 'हनुवटी खाली, उजवीकडे बघ', आणि मॉडेलने ते केलं, तर निर्णय फोटोग्राफरचा. अंमलबजावणी कितीही सफाईदार असो, त्याला कौशल्य म्हणायचं, कर्तेपण म्हणायचं नाही. कॅटलॉगच्या शूटमध्ये सगळ्या पोझ आधीच स्टोरीबोर्डवर असतात, तिथे मॉडेल कर्ती नसते आणि तिला तसं म्हणणं खोटं ठरेल. रस्त्यावर नकळत टिपलेल्या चेहऱ्यांचंही तसंच. फिलिप-लोर्का डिकोर्सियाने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये उंचावर फ्लॅश बांधून आणि लांबून लेन्स लावून वाटसरूंचे चेहरे टिपले. त्या लोकांना पत्ताही नव्हता, त्यामुळे त्या प्रतिमांत त्यांचा एकही निर्णय नाही. त्यातल्या एकाने दावा लावला आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. तिथला खरा प्रश्न त्या माणसाच्या संमतीचा होता. संमती आणि कर्तेपण यांची गल्लत करू नये. ज्याला कर्तेपण नाही त्यालाही संमतीचा हक्क असू शकतो, आणि माझ्या मते असायलाच हवा.

दोन टोकांच्या मध्ये मोठा पट्टा आहे. फोटोग्राफर म्हणतो, 'जरा राग येऊ दे.' राग हवा हे त्याने ठरवलं. दात आवळलेला, थंड नजरेचा की थकलेला राग, हे मॉडेलने ठरवलं. इथे निर्णय दोघांचा. कधी फोटोग्राफर भाव मागतही नाही, तो प्रसंग घडवतो. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात यूसुफ कार्शने चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या क्षणी उमटलेली नाराजी टिपली. चर्चिलने तो भाव निवडला नव्हता, म्हणून ती फ्रेम मी कार्शच्या खात्यात टाकेन. लगेच नंतरच्या फ्रेममध्ये चर्चिल स्वतःहून हसला. ती दोघांची.

सीमेवरच्या फ्रेमसाठी एक कसोटी उपयोगी पडते. त्याच मांडणीत, त्याच कपड्यांत, तेवढ्याच देखण्या दुसऱ्या व्यक्तीला बसवलं आणि त्याच सूचना दिल्या तर जवळपास हाच फोटो आला असता का? आला असता तर कर्तेपण कॅमेऱ्यामागे आहे. आला नसता, आणि फरक नुसत्या नाकाडोळ्यांचा नाही तर त्या व्यक्तीने काय केलं याचा असेल, तर कर्तेपण वाटलं गेलेलं आहे.

शूटवर याची नोंद ठेवायला वेळ लागत नाही. वरच्या यादीचा एक कागद, प्रत्येक ओळीपुढे 'फो', 'मॉ' किंवा 'दो'. शेवटची फ्रेम निवडली की त्याच दिवशी दोघांनी मिळून भरायचा. आठवड्याने भरला तर प्रत्येकाला स्वतःचीच कल्पना आठवते. शटरच्या क्षणाला एक ओळ द्या, पण वजन जास्त देऊ नका. २०१४च्या ऑस्कर सोहळ्यातल्या प्रसिद्ध सेल्फीत फोन ब्रॅडली कूपरच्या हातात होता आणि कल्पना एलन डीजेनेरसची होती. बटणावरच्या बोटाला सगळं श्रेय देणारा नियम तिथे कसा तोकडा पडतो ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

कॅमेऱ्यासमोर बसून फोटो घडवणारे

मॉडेलने सूत्रं हातात घेणं ही नवी गोष्ट नाही. कास्तिल्योनेची काउंटेस १८५६ पासून १८९५ पर्यंत, मधल्या खंडांसह, पॅरिसमध्ये पिएर-लुई पिएर्सन या फोटोग्राफरकडे फोटो काढून घेत होती. चारशेहून जास्त प्रतिमा झाल्या. पोशाख, प्रसंग, ठेवण, कॅमेऱ्याचा कोन ती ठरवायची, आणि प्रिंटवर रंग कसे चढवायचे याच्या सूचनाही तिच्याच असत. पिएर्सनचं तंत्र उत्तम होतं यात वाद नाही. पण निर्णयांचा कागद भरला तर बहुतेक ओळींपुढे तिचं नाव येईल.

सोजर्नर ट्रूथचं उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. गुलामगिरीतून बाहेर आलेली ही वक्त्री स्वतःची छोटी पोर्ट्रेट कार्डं विकून कामासाठी पैसे उभे करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी कार्डावर तिचं वाक्य छापलेलं असे, मूळ देहाच्या निर्वाहासाठी मी ही छाया विकते, अशा अर्थाचं. आणि मागे कॉपीराइटची नोंद, १८६४, तिच्या स्वतःच्या नावाने. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्रांचा स्पष्ट समावेश झाला १८६५ मध्ये. साधारणपणे अशी नोंद असलीच तर ती फोटोग्राफरची असे. ट्रूथने चष्मा, शाल, विणकाम, वाक्य, विक्री आणि हक्क हे सगळं एका हातात ठेवलं.

फ्रेंच कलाकार क्लॉद काहूनच्या पोर्ट्रेटना अनेक वर्षं सेल्फ-पोर्ट्रेट म्हटलं गेलं. त्यातली बरीचशी मार्सेल मूर या तिच्या जोडीदारणीने टिपलेली आहेत आणि आता अनेक अभ्यासक ते दोघींचं काम मानतात. उलट सिंडी शर्मनच्या १९७७ ते १९८० मधल्या सिनेमासारख्या दिसणाऱ्या, स्वतःच मॉडेल असलेल्या मालिकेत काही फ्रेमचं शटर मित्रांनी किंवा घरच्यांनी दाबलं, तरी कर्ती शर्मनच आहे, कारण बाकी सगळ्या ओळी तिच्या. जिम गोल्डबर्गने १९७७ ते १९८५ या काळात सॅन फ्रान्सिस्कोतल्या श्रीमंत आणि गरीब लोकांची पोर्ट्रेट काढली आणि प्रिंटवरच त्यांना हाताने लिहायला सांगितलं. काहींनी स्वतःच्याच प्रतिमेशी असहमती लिहिली. तिथे समोरच्या माणसाला फोटोच्या अर्थावर बोलायची जागा मिळाली. हा मार्ग स्वस्त आहे, कोणालाही जमणारा आहे, आणि फार कमी लोक वापरतात.

याच्या उलट टोकाला डोरोथिया लँगचं १९३६ मधलं स्थलांतरित आईचं पोर्ट्रेट. लँगने नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, तेव्हा त्यांनी त्या फोटोबद्दल नाराजी बोलून दाखवली. फोटो सरकारी कामासाठी काढलेला, त्यामुळे कोणालाच रॉयल्टी नव्हती. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी बेचाळीस वर्षं नाव नसणं उरतंच.

शटर मॉडेलच्या हातात द्यायचं असेल तर

सहभाग खरा करायचा असेल तर हा सर्वांत थेट मार्ग आहे, आणि तो बहुतेक वेळा तयारी न केल्यामुळे फसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम पक्की, जमिनीवर टेपने पायांची खूण. अ‍ॅपर्चर एफ ५.६ किंवा त्याहून बंद, कारण मॉडेल स्वतःला बघत नसते आणि थोडी पुढे-मागे होणारच. आय-एएफ चालू. पाच मीटरची वायर किंवा वायरलेस रिमोट, दोन सेकंदांचा टायमर. टायमर नसेल तर दाबणाऱ्या बाजूचा खांदा उचलला जातो आणि दाबण्याच्या क्षणी चेहऱ्यावर वाट बघितल्यासारखा भाव येतो. रिमोट मांडीमागे धरून अंगठ्याने दाबायचा आणि एका दाबात तीन फ्रेम निघतील असं सेट करायचं. पहिली फ्रेम बहुधा वाया जाते, दुसरी-तिसरी कामाची असते.

कॅमेऱ्याजवळ मॉनिटर लावायचा की नाही हा वादाचा मुद्दा आहे. लावला तर मॉडेलला फ्रेम कळते, पण नजर सतत तिकडे जाते. मधला मार्ग म्हणजे दर वीस-पंचवीस फ्रेमनंतर थांबून एकत्र बघणं. तेव्हा एक लक्षात ठेवायचं: माणूस स्वतःचा चेहरा आयुष्यभर आरशात बघतो, त्यामुळे सरळ फोटोत भांग उलट्या बाजूला आणि ओठांचा तिरपेपणा उलटा दिसतो. 'मी अशी दिसत नाही' हा शेरा पुष्कळदा एवढ्यापुरताच असतो. तीच फ्रेम आडवी उलटून दाखवा. नापसंती गेली तर अडचण आरशाची होती, राहिली तर फ्रेमची.

निवड

सगळा सहभाग शूटमध्ये करून निवड एकट्याने केली तर कर्तेपणाचा मोठा भाग परत एकाच हातात जातो. दोनशे फ्रेममधून कोणती जगासमोर येणार हा निर्णय पोझपेक्षा जड आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०११ मध्ये पेनर खटल्यात पोर्ट्रेटला कॉपीराइटचं संरक्षण का मिळतं हे सांगताना तीन टप्पे मोजले: आधीची तयारी, म्हणजे पार्श्वभूमी, पोझ, प्रकाश, टिपताना चौकट आणि कोन, आणि शेवटी निवड व प्रक्रिया. पहिल्या टप्प्यातली पोझ तिथे फोटोग्राफरच्या निवडींत मोजली आहे. ती प्रत्यक्षात कोणी निवडली हे प्रत्येक शूटमध्ये वेगळं तपासावं लागेल.

पद्धत अशी ठेवता येते. फोकस चुकलेल्या आणि डोळे मिटलेल्या फ्रेम काढून टाकायच्या. उरलेल्या दोघांनी वेगवेगळ्या, एकमेकांना न दाखवता बघायच्या आणि प्रत्येकी बारा निवडायच्या. एक दिवस जाऊ द्यायचा, मग याद्या समोरासमोर ठेवायच्या. सामायिक फ्रेम कमी निघतात. त्यातूनच अंतिम फ्रेम निवडायची घाई करू नये, कारण दोघांनाही न खुपणारी फ्रेम कित्येकदा दोघांच्या कामातली सर्वांत मिळमिळीत असते. जास्त बोलायचं ते मतभेदाच्या फ्रेमवर. मॉडेल बहुधा ओळखीचा चेहरा निवडते, फोटोग्राफर बहुधा प्रकाश आणि आकार निवडतो. हे दोघांनी उघड बोललं की निवड सुधारते. नकाराधिकार मात्र सारखा असू नये असं मला वाटतं. मॉडेलने नाकारलेली फ्रेम बाहेर जाऊ नये, कारण तिचे परिणाम तिच्या अंगावर येतात.

रिटचिंगचंही आधी ठरवा. पुरळ, सुटा केस, कपड्यावरचा धागा: करायचं. व्रण, तीळ, सुरकुत्या: विचारून. चेहऱ्याचा किंवा शरीराचा आकार: लेखी होकार असल्याशिवाय अजिबात नाही.

कागद

कायदे वेगवेगळे आहेत, पण त्यांची ठेवण ओळखता येते. बहुतेक ठिकाणी फोटो टिपणारा लेखक मानला जातो. भारताच्या १९५७च्या कायद्यात लेखक तोच, मात्र मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक काढून घेणारा ठरतो. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात, खासगी वा घरगुती कारणासाठी काढून घेतलेला फोटो प्रसिद्ध होऊ न देण्याचा हक्क काढून घेणाऱ्याला आहे. जर्मनीत १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर बिस्मार्कच्या मृत्यूनंतर त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी मृतदेहाचे फोटो काढले. त्या प्रकरणानंतर १९०७ मध्ये आलेल्या कायद्यानुसार, अपवाद वगळता, चेहरा दाखवणारा फोटो त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय पसरवता येत नाही. मोबदला घेतला असेल तर शंकेच्या वेळी संमती आहे असं धरतात. मृत्यूनंतर दहा वर्षं ती संमती नातेवाइकांकडून घ्यावी लागते. अमेरिकेत संयुक्त कृती म्हणायची तर आपापलं काम एकाच कृतीत मिसळण्याचा इरादा दोघांचाही असावा लागतो. हा इरादा शूटनंतर सिद्ध करणं फार कठीण, म्हणून आधी लिहायचा.

तयार मॉडेल रिलीज (फोटो वापरायला मॉडेलने दिलेली लेखी परवानगी) हा जवळजवळ नेहमी एकतर्फी कागद असतो. मॉडेल सगळं सोडून देते, फोटोग्राफर सगळं घेतो. सह्या करण्याआधी त्यात निदान एवढं घाला: वापर कुठे (प्रदर्शन, छापील, जाहिरात, स्टॉक म्हणजे तयार फोटोंची विक्री), किती काळ, कोणत्या प्रदेशात, फ्रेम निवडीचा आणि नाकारण्याचा हक्क, मुदतीसह, उदाहरणार्थ फ्रेम मिळाल्यापासून चौदा दिवस, रिटचिंगची मर्यादा, मॉडेलला किती फाइल, कोणत्या आकाराच्या, आणि ती त्या कुठे वापरू शकते, विक्री झाली तर वाटा किती टक्के आणि कोणत्या रकमेवर, मशीन लर्निंगच्या प्रशिक्षणासाठी वापर चालेल की नाही, आणि श्रेयाची ओळ शब्दशः. 'योग्य श्रेय दिलं जाईल' हे वाक्य निरुपयोगी आहे. संवेदनशील विषयाशी, म्हणजे आजार, गुन्हा, राजकारण यांच्याशी फोटो जोडायचा असेल तर वेगळी परवानगी, हेही लिहा. स्टॉकमधून विकलेल्या पोर्ट्रेटवरचे कडवट वाद इथूनच सुरू होतात. मॉडेल अल्पवयीन असेल तर सही पालकांची, पण फ्रेम नाकारायचा हक्क त्या मुलालाही द्या.

श्रेयाची ओळ

'सहकार्य' किंवा 'विशेष आभार' यात कोणी काय केलं ते कळत नाही. कामं लिहा. 'छायाचित्र आणि प्रकाश: अमुक. पोझ, वेशभूषा आणि निवड: तमुक.' निर्णयांच्या कागदावर दोघांच्या ओळी जवळपास सारख्या असतील तर सरळ 'अमुक आणि तमुक'. मॉडेलला नाव नको असेल, तर टोपणनाव चालेल का ते विचारा. तेही नको असेल तर 'पोझ आणि वेशभूषा: मॉडेलची स्वतःची' एवढं तरी लिहिता येतं. ओळख लपते, कामाची नोंद राहते.

हीच ओळ फाइलच्या आयपीटीसी मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या ठरावीक रकान्यांत, घाला. क्रिएटर या रकान्यात एकाहून जास्त नावं घालता येतात. नावापुढची कामं क्रेडिट लाइनमध्ये जातात. 'पर्सन शोन' हा वेगळा रकाना आहे. तो फोटोत कोण आहे एवढंच सांगतो, म्हणून मॉडेलचं नाव फक्त तिथे भरलं तर तिचं काम पुन्हा शीर्षकातल्या नावाएवढंच उरतं. मॉडेल रिलीजची स्थिती नोंदवायलाही रकाना आहे. एक्सपोर्ट करताना 'फक्त कॉपीराइट' असा पर्याय निवडलेला राहिला तर बाकीचे रकाने गळून जातात, तेव्हा एक फाइल बाहेर काढून उघडून तपासा. बऱ्याच सोशल मीडिया सेवा अपलोड करताना मेटाडेटा काढून टाकतात, म्हणून तीच ओळ कॅप्शनमध्ये पहिल्या दोन ओळींत, 'अधिक वाचा'च्या वर, आणि प्रिंट काढला तर त्याच्या मागे, आम्लरहित कागदाच्या लेबलवर पेन्सिलने.